तेल लावणारीचं नाव

ताई,

परवा विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला अमरावतीचे, अकोल्याचे, आपल्या अंजनगावचे इतके लोक आले की चपला काढून ठेवायला जागा उरली नव्हती. सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. कोणी म्हणालं डॉक्टरीणबाई शांत होत्या, कोणी म्हणालं मायाळू होत्या, कोणाला कधी दुखावलं नाही. मी मागच्या सतरंजीवर बसून ऐकत होते आणि मला राग चढत होता. तू शांत? मग माझ्याशी जन्मभर भांडली ती कोण होती? आणि मायाळू काय, आमच्या गल्लीतली दूधवालीसुद्धा मायाळू आहे. तू जे केलंस ते तिथं एकानंही सांगितलं नाही. बहुतेकांना ते माहीत नसणार. ज्यांना माहीत होतं त्यांना वाटलं असेल की बाई गेली, आता तिची फजिती कशाला उगाळायची.

फजिती म्हणे! माझ्या बहिणीनं आयुष्यात केलेली सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती. ते कोणी बोलत नाही म्हणून मी लिहायला बसले आहे. लिहायला बसले की माझी भाषा शाळेतल्या बाईंसारखी होते म्हणून तू मला चिडवायचीस. चिडव.

सुरुवात माझ्यापासूनच करावी लागेल, कारण ती तशीच झाली. अकोल्यात माझं पार्लर झकास चाललं होतं, घरात सगळं ठीक होतं, आणि एका उन्हाळ्यात मला काहीच नकोसं झालं. उठणं नको, जेवण नको, गिऱ्हाईक दारात आलं तरी मी खाटेवरून हलायची नाही. शटर बंद पडलं. दुनियेच्या बायकांचे केस नीट करणारी मी, आणि माझ्या स्वतःच्या डोक्यात जटा झाल्या. येणारा-जाणारा विचारायचा, काहून व, तुले काय कमी आहे? तू अमरावतीहून आलीस, माझ्याकडे एकदा नीट पाहिलंस आणि घरच्यांना समोर बसवून डिप्रेशन हा शब्द सांगितलास. सख्ख्या बहिणीवर स्वतः इलाज करायचा नाही म्हणून मला अकोल्यातल्याच दुसऱ्या मानसोपचार डॉक्टरांकडे नेलंस. अमरावतीत जिच्या दवाखान्यापुढे सकाळपासून माणसं बसलेली असतात ती माझी ताई, तिथं बाहेरच्या बाकावर हातात फाईल घेऊन मुकाट बसली होती.

पहिलं औषध मला लागू पडलं नाही. ते लागू पडत नाही हे कळायलाच कित्येक आठवडे गेले. मग दुसरं. पुन्हा तेवढीच वाट पाहायची, आणि पुन्हा काही नाही. तिसऱ्या औषधानं हळूहळू मी खाटेवरून उठले, एक दिवस चहा स्वतः केला, एक दिवस शटर अर्धं वर केलं. या सगळ्या काळात तू दर रविवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून यायचीस आणि पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढायचीस. मला मागच्या पायरीवर बसवून त्या जटा सोडवायचीस. मी म्हणायची, राहू दे, कापून टाक. तू एवढंच म्हणायचीस, "मान खाली कर." बाकी काही बोलायची नाहीस. कसं वाटतं विचारायची नाहीस, हिंमत ठेव वगैरे तर अजिबात नाही. कान तापेपर्यंत चोळायचीस आणि घट्ट वेणी घालून संध्याकाळच्या गाडीनं परत जायचीस.

बरी झाल्यावर मी सगळ्यांना सांगत सुटले की ताईच्या तेलानं मी बरी झाले. तुला ते ऐकवायचं नाही. "औषधानं झाली तू. तेलानं डिप्रेशन बरं होत असतं तर मी एवढं शिकली कायले?" हे भांडण तेव्हा सुरू झालं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मिटवायची घाई दोघींनाही नव्हती म्हण.

पण माझे ते वाट पाहण्यात वाया गेलेले आठवडे तुझ्या डोक्यातून गेले नाहीत. मला आठवतं, माझ्याच ओट्यावर तू मेथी निवडत होतीस आणि अचानक म्हणालीस, आम्ही डॉक्टर अंदाजपंचे औषध सुरू करतो आणि पेशंटला म्हणतो, थांब, पाहू. तुझ्याजवळ थांबायला माणसं होती. एखादीला तेवढं थांबणं झेपत नाही, मंदे. मग मेथीची पुढची जुडी ओढलीस. तुझी अशी एखादी पेशंट गेली असणार एवढं मला कळलं.

तुझ्या दवाखान्यात ईईजीचं यंत्र होतंच, फिट येणाऱ्यांसाठी. डोक्यावर जागोजागी तारा चिकटवायच्या, की मेंदूतल्या बारीक विजेच्या लाटा पडद्यावर उमटतात. औषध सुरू करण्याआधीच या लाटांमध्ये काही खूण सापडते का, की या बाईला हे औषध लागू पडेल आणि हिला नाही, याचा शोध जगभर चालू आहे, असं तू मला समजावलंस. मी म्हटलं, मग जगाले करू दे ना. तू म्हणालीस, जगात वऱ्हाडातल्या बाया येतात का नाही?

तर तू सुरू केलंस. परवानगीचे कागद झाले. इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले गावंडे सर कॉम्प्युटरवरची आकडेमोड करायला तयार झाले. पेशंट फक्त बायाच घ्यायचं ठरलं. आणि पहिल्याच आठवड्यात तुझं यंत्र आपल्या लोकांच्या रीतीवर येऊन आदळलं.

आपल्याकडे बाई मोठ्या डॉक्टरकडे निघाली की घरातलं कोणीतरी आधी तिचं डोकं करून देतं. चपचपीत तेल, चापूनचोपून वेणी. विस्कटल्या केसांनी अमरावतीला नेली तर लोक काय म्हणतील, घरच्यांनी वाऱ्यावर सोडली म्हणतील. तू आदल्या दिवशी फोन करून बजावायचीस, तेल लावू नका, तारा चिकटत नाहीत. पलीकडून "हाव मॅडम, हाव" यायचं आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक बाया कपाळावर तेल ओघळलेल्या अवस्थेत हजर, थोड्याच कोरड्या. एका सासूबाईंनी तर तुलाच झापलं होतं, आमी काय सुनेले भिकारणीसारखी आणाव का? स्पिरिटच्या बोळ्यानं जमेल तेवढं पुसायचं, तारा दाबून बसवायच्या आणि आलेख काढायचा, असं चाललं.

आणि खूण सापडली. डोक्याच्या पुढच्या भागात काही बायांच्या लाटा जरा जास्त संथ हेलकावे घेत होत्या, आणि नेमक्या त्याच बाया औषधानं बऱ्या होत होत्या. गावंडे सरांनी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं. मग पेढे आणले. नागपूरच्या परिषदेत तुला बोलायला बोलावलं. मी पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येक बाईला फेशियल करता करता सांगत होते, आता माझ्यासारखं कोणाला तीन-तीन औषधं चाखत बसावं लागणार नाही, माझ्या बहिणीनं उपाय काढला. डोळ्यांवर काकडी ठेवलेल्या बायकांना ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तू मात्र म्हणालीस, अजून एकदा पाहू, नव्या बायांवर, आणि या वेळी स्वच्छ करू. मला फोन केलास. "मंदे, मंगळवारी पार्लर बंदच असते ना तुझं? इकडं ये. डोके धुवाचे आहेत." मी आले. दवाखान्याच्या मागच्या बाजूला नळ, पाणी तापवायचा बंब, मान मागे टाकता येईल अशी एक खुर्ची आणि शाम्पूच्या पुड्या. बायका लाजायच्या, मग डोळे मिटून घ्यायच्या. एवढी डोकी मी आयुष्यात धुतली, पण तिथल्यासारखी नाही. काहींच्या मानेत जीवच नसायचा, सगळं डोकं माझ्या तळहातावर.

स्वच्छ केसांवर तारा पक्क्या बसल्या. आलेख इतके सुरेख आले की तू मला बोलावून दाखवलेस. आणि खूण गायब! कोण बरी होणार, कोण नाही, लाटांवरून काही म्हणता काही कळेना. गावंडे सर म्हणाले, मॅडम, हा गटच जरा वेगळा असेल, दोन्ही गट एकत्र केले तरी खूण टिकते, परिषद तोंडावर आहे. तू मान हलवलीस, पण ती होकाराची नव्हती, हे मला दारातून दिसलं. जेवताना तू पोळीचे तुकडे करत राहिलीस आणि खाल्लं काहीच नाहीस.

त्याच्या पुढच्या मंगळवारी ती बाई आली. शेजारीण तिला सोडून निघून गेली होती. डोक्याला तेलाचा थेंब नाही, आणि मानेजवळ जट. मी कोमट पाणी घालून ती सोडवत होते. तू दारात येऊन उभी राहिलीस, किती वेळ ते मला माहीत नाही. मान वर केली तेव्हा तू माझ्याकडे पाहत होतीस, तिच्याकडे नाही. मग तू आत गेलीस आणि पहिल्या गटातल्या बायांच्या घरी एकामागून एक फोन लावलेस. त्या दिवशी डोक्याला तेल होतं का? आणि ते कोणी लावलं होतं? पलीकडच्या माणसांना वाटलं असेल, डॉक्टरीणबाई कामातून गेल्या. पण ज्या बऱ्या झाल्या होत्या त्यांच्या डोक्याला तेल होतं, आणि ज्या झाल्या नव्हत्या त्यांतल्या बहुतेकींच्या नव्हतं.

डिप्रेशनमध्ये बुडालेली बाई आपल्या हातानं तेल लावत नाही, ताई. हे मला सांगायला नको, तुलाही नको. तिचं डोकं चपचपीत असेल तर ते दुसऱ्या कोणाच्या हातानं झालेलं असतं, सासूच्या, पोरीच्या, जावेच्या. तोच हात तिला वेळेवर गोळी देतो, तिच्यापुढे ताट ठेवतो, पुढच्या तारखेला एसटीत बसवून आणतो. ती बाई बरी होते. आणि तेलानं तार सरकते, पडद्यावरची रेघ संथ डुलते, आणि कॉम्प्युटरला वाटतं मेंदूच डुलतो आहे. तुला सापडली होती ती मेंदूतली खूण नव्हतीच. घरात कोणीतरी आहे, एवढंच ते यंत्र सांगत होतं.

नागपूरला मी तुझ्यासोबत आले होते. माझी मोरपंखी साडी नेसून शेवटच्या रांगेत बसले होते. मला वाटलं होतं, तू काहीतरी मधलं, सांभाळून घेतलेलं बोलशील. तू माईक हातात घेऊन पहिल्याच वाक्याला म्हणालीस, मी ज्या शोधाबद्दल बोलायला येणार होते तो चुकीचा निघाला, आणि तो कसा चुकला ते सांगायला आले आहे. मग तेल, वेणी, सासूबाई, सगळं सांगितलंस. माझ्या पुढच्या रांगेतले दोघे "हेअर ऑइल" म्हणून खुसखुसले. मला त्यांच्या टाळक्यात पर्स घालावीशी वाटली. तू पडद्यावर दोन आलेख शेजारी शेजारी दाखवलेस, तेलाचा आणि धुतलेला, आणि खाली बसलीस. टाळ्या जेमतेम. बाहेर चहाच्या टेबलाशी एक तरुण डॉक्टर तुझ्याजवळ आली, रेवती, आणि तिनं विचारलं, मॅडम, एवढ्या लोकांत हे सांगायला भीती नाही वाटली? तू म्हणालीस, वाटली ना.

परत येताना तिवशाला चहासाठी गाडी थांबवली, तिथं मी फुटलेच. पेपरात नाव आलं असतं, आपल्या अंजनगावच्या पोरीचं.

"काहून सांगितलं तू? कोणाले मालूम होतं? गावंडे सर म्हणत होते ना, दोन्ही मिळून जमते म्हणून."

तू कप बाकावर ठेवलास. चिडली नव्हतीस, हे मला जास्त लागलं.

"मंदे, उद्या कोण्या डॉक्टरनं माझ्या त्या खुणेवर भरोसा ठेवून एखादीले सांगतलं असतं का तुले हे औषध लागू पडत नाही, तर ते बाई कोण असती? जिच्या डोक्याले तेल लावाले घरी कोणी नाही, ते. एक तर ते एकटी, आन् वरून आपनच तिचं औषध काढून घेतलं असतं."

मला ती मानेजवळची जट दिसत होती, आणि ती त्या बाईची होती की माझी, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. तू चहा पुन्हा उचललास, गार झाला म्हणून टपरीवाल्याला दुसरा मागितलास. ताई, मी त्या बाकावर तुझ्याकडे पाहून काय विचार करत होते ते तुला कधीच बोलले नाही. आता बोलते. ही माझी बहीण आहे, एवढाच विचार करत होते.

तू पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीस. सगळी डोकी धुऊन, आणि प्रत्येक बाईच्या माहितीत एक नवा प्रश्न घालून, घरी डोक्याला तेल कोण लावून देतं? रेवती नागपूर सोडून तुझ्याकडे काम करायला आली. हसणाऱ्यांपैकी कोणी आलं नाही, मी हिशेब ठेवला आहे. त्या धुतलेल्या केसांतून खरी खूण निघणार का, हे तुलाही माहीत नव्हतं. निघाली तर निघाली, म्हणायचीस, नाही निघाली तर तसं सांगू, आता सवय झाली.

आणि आपलं नवं भांडण सुरू झालं. आलेख निघाल्यावर त्या बायांना भुरभुऱ्या कोरड्या केसांनी घरी पाठवणं माझ्या जिवावर यायचं. मी बाटली काढली की तू ओरडायचीस, खबरदार. "मग ते औषधानं बरी झाली का तुझ्या हातानं, मले कसं समजन?" मी म्हणायची, बरी झाली ना, मग तुले काय कराचं आहे? तू म्हणायचीस, पुढच्या हजार जणींसाठी कराचं आहे, तू काय हजार जणींच्या घरी जाणार हायेस का तेल लावाले? मी दुसऱ्या मंगळवारी तेच भांडण पुन्हा काढायची. तुझ्या शेवटच्या मंगळवारीही काढलं होतं. तू दारात उभी राहून म्हणालीस, तुझी गाडी चुकन, जाय आता. त्याच आठवड्यात सकाळी फोन आला की तुझं हृदय झोपेतच थांबलं.

तू जन्मभर केस आखूड ठेवलेस, धुवायला वेळ कुठला म्हणून, आणि मला कधी कात्रीसुद्धा लावू दिली नाहीस. त्या दिवशी तुला शेवटची अंघोळ घालणाऱ्या बायकांना मी म्हटलं, जरा सरका. खोबरेल तेल घेतलं आणि तुझ्या डोक्याला लावलं, कान तापेपर्यंत चोळायची माझी तयारी होती. तुझे कान काही तापले नाहीत. तू माझं जे काही केलंस त्याची परतफेड वगैरे म्हणून नाही. मला फक्त वाटलं की कोणी विचारलं तर उत्तर असावं.

गेल्या मंगळवारी मी पुन्हा आले. रेवतीनं दवाखाना चालू ठेवला आहे, गावंडे सर त्यांच्या जागी आहेत, तुझी खुर्ची मात्र कोणी हलवली नाही. तिवशाकडच्या खेड्यातली एक बाई आली होती, गावातल्या आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशा सेविकेनं आणून बसवलेली. केस म्हणजे नुसता गुंता. मी पाणी तापवलं, तिची मान हातावर घेतली आणि तुझा प्रश्न विचारला, घरी तेल कोण लावते व बाई? ती म्हणाली, "कोणीच नाही." तक्रार नव्हती त्यात, पत्ता सांगावा तसं सांगितलं.

मी धुतलं. आलेख निघाला, रेवती म्हणाली छान आला आहे. ती बाई कोरडे केस पाठीवर सोडून बाहेर आली आणि बाकावर बसून राहिली. मी पिशवीतून बाटली काढली. तू खबरदार म्हणालीस, मला ऐकू आलं, खोटं नाही सांगत. हजार जणींचंही आठवलं. पण ही एक माझ्यापुढे बसली होती ना. मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, मान खाली कर.

गावंडे सर दारातून पाहत होते. चष्मा काढून म्हणाले, मंदाताई, मॅडमचं म्हणणं तुम्हाला माहीत आहे, हे अभ्यासात बसत नाही. मी हात थांबवला नाही. तुझं म्हणणं मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू लावू नको म्हणत होतीस, पण त्याआधी, नागपुरात सगळ्यांसमोर, तू त्याहून मोठी गोष्ट करून दाखवली होतीस.

"सर, लपवाचं काहीच नाही," मी म्हटलं. "दर मंगळवारी मी लावणार. तेल कोण लावते, तिथं कोणीच नाही खोडा आन् माझं नाव लिहा."

सरांनी रेवतीकडे पाहिलं. रेवती म्हणाली, लिहा सर, आजची तारीखही टाका. त्यांनी लिहिलं.

आता ये भांडायला.